पटावरची माणसे

खेळाविषयी लेख लिहावयाचा आणि तोही महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात, हे पुष्कळांना पोरकटपणाचे वाटेल. वसतिगृहातील माझ्या खोलीतल्या मित्राने तर स्पष्टच सांगितले, "अरे, ग्रामीण शिक्षणावर लिही, नाहीतर एखादी कविता दे. खेळाचं काय घेऊन बसलास?" त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण गेल्या श्रावणात मी जो खेळ प्रथमच पाहिला, त्याने माझ्या मनात सुरू झालेले विचार अद्याप थांबलेले नाहीत. ते आपल्यापुढे मांडावेत आणि माझे चुकत असेल तर गुरुजनांनी व मित्रांनी दाखवून द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

त्या रविवारी मी एक पुस्तक परत करण्यासाठी आमच्या इतिहासाच्या सरांच्या घरी गेलो होतो. बाहेर पावसाची झड लागली होती. सरांच्या टेबलावर एक भला मोठा पट पसरलेला होता आणि त्यावर बोटाच्या पेराएवढे हिरवे आणि करडे सैनिक उभे होते. सरांच्या भाच्याने तो खेळ परदेशातून आणला होता आणि जाताना तो सरांकडेच ठेवून गेला होता. "बस रे," सर म्हणाले, "पाऊस थांबेपर्यंत एक डाव होईल."

मला ठाऊक असलेले खेळ दोनच. आमच्या गावच्या देवळाच्या ओट्यावर दगडातच वाघ-बकरीचा पट कोरलेला आहे. त्यावर आम्ही खडे आणि चिंचोके घेऊन खेळत असू. दुसरा खेळ बुद्धिबळाचा. शाळेत एकच संच होता आणि त्यातला एक उंट हरवल्यामुळे त्याच्या जागी बाटलीचे बूच ठेवलेले असे. वास्तविक बुद्धिबळ हाही युद्धाचाच खेळ. आपल्याकडच्या जुन्या चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेनेची चारही अंगे होती. पण बुद्धिबळाच्या पटावर नदी नाही, पूल नाही, झाडी नाही. सरांच्या पटावर हे सारे होते.

खेळाचे नाव 'मेमॉयर ४४'. रिचर्ड बोर्ग यांनी रचलेला हा खेळ २००४ साली बाजारात आला. दोस्त राष्ट्रांच्या फौजा ६ जून १९४४ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या, त्या घटनेला त्या वर्षी ६० वर्षे पूर्ण होत होती. पट षटकोनी घरांचा. प्रत्येक लढाईसाठी त्यावर नदी, टेकडी, जंगल, गाव यांचे तुकडे मांडावयाचे. पायदळाची तुकडी चार सोंगट्यांची, रणगाड्यांची तिघांची आणि तोफेची दोघांची. सरांनी पेगॅसस पुलाची लढाई मांडली होती. ५ जूनच्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात मेजर जॉन हॉवर्ड यांचे ब्रिटिश सैनिक बिनइंजिनाच्या लाकडी विमानांतून अंधारात उतरले आणि त्यांनी कां शहराजवळच्या कालव्यावरील व ओर्न नदीवरील पूल ताब्यात घेतले. पंख असलेला घोडा हे त्या हवाई सैन्याचे चिन्ह, म्हणून कालव्यावरच्या पुलाला पुढे पेगॅसस हे नाव पडले.

सरांनी मला ब्रिटिशांची बाजू दिली. नियम सोपे होते, पण पहिल्याच चालीला मी अडलो. या खेळात वाटेल ती सोंगटी वाटेल तेव्हा हलवता येत नाही. पटाचे डावी बाजू, मध्य आणि उजवी बाजू असे तीन भाग केलेले असतात आणि आपल्या हातात हुकुमाचे काही पत्ते असतात. पत्त्यावर जो भाग लिहिला असेल त्याच भागातल्या, आणि सांगितल्या तेवढ्याच तुकड्या हलवावयाच्या. माझ्या हातात सगळे पत्ते डावीकडचे, आणि सरांच्या सोंगट्या माझ्या उजव्या बाजूवर चालून येत होत्या!

"सर, हे काय? माझी माणसं तिकडं मरतायत आणि मला काहीच करता येत नाही?"

सर शांतपणे म्हणाले, "तुझा हुकूम तिथवर पोचलेला नाही असं समज."

हे वाक्य मला फार आवडले. पानिपतावर असे का झाले, तसे का झाले नाही, हे आपण परीक्षेत मुद्देसूद लिहितो. जणू भाऊसाहेबांच्या हातात सगळे पत्ते होते आणि त्यांनी भलताच टाकला! सेनापतीला दिसते थोडे, हाती असते त्याहून थोडे, आणि वेळ तर नसतेच, ही गोष्ट चार तासिकांत समजली नव्हती ती त्या पत्त्यांनी दहा मिनिटांत समजावली. पुढे फासे. शत्रू शेजारच्या घरात असेल तर पायदळाने तीन फासे टाकावयाचे, एक घर दूर गेला की दोन, आणखी एक घर दूर गेला की एक. शत्रू झाडीत दडला असेल तर त्यातूनही फासा कमी होतो. फाशावर पायदळाचे चित्र पडले तर समोरच्या तुकडीतला एक सैनिक उचलावयाचा. निशाण पडले तर त्या तुकडीने माघार घ्यावयाची.

मी खोटे बोलणार नाही. मला अतोनात मजा वाटली. पाऊस केव्हाच थांबला होता, काकूंनी ठेवलेला चहा निवून गेला होता, पण मी पटावरून मान वर केली नाही. हा डाव चार पदकांचा होता. शत्रूची एक तुकडी नाहीशी केली की एक पदक मिळे, आणि पूल घेतला तरी पदक मिळे. माझी तीन झाली होती, सरांची दोन. माझ्या एका तुकडीत एकच सैनिक शिल्लक होता. मी त्याला मुद्दाम पुढे उघड्यावर नेऊन उभा केला. सर त्याला मारण्यात आपली चाल खर्च करतील आणि माझी दुसरी तुकडी पुलावर चढेल, असा माझा हिशेब होता. तसेच झाले. सरांनी फासे टाकले, माझा एकटा सैनिक पडला. पुढच्याच चालीत मी पूल घेतला आणि जिंकलो.

पण त्याआधी एक गोष्ट घडली होती. सरांनी तो पडलेला सैनिक डब्यात टाकला नाही. पटाच्या कडेला पदकांसाठी जागा आखलेल्या असतात, तिथे त्यांनी तो उभा करून ठेवला. मी विचारले तेव्हा म्हणाले, "नियमच आहे. तुकडीतला शेवटचा माणूस म्हणजेच पदक."

त्या क्षणी मी जिंकण्याच्या नादात होतो. रात्री मात्र झोप येईना. जिंकल्याचा आनंद होताच, पण तो कडेला उभा केलेला हिरवा सैनिक डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्याला तिथे मी पाठवले होते, आणि पाठवताना मला काहीसुद्धा वाटले नव्हते.

इथे माझ्या गावाविषयी सांगणे भाग आहे. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात किती माणसे गेली आणि त्यांतली किती मेली, असे दोन आकडे तिच्यावर आहेत. नावे नाहीत. अशा पाट्या देशात इतर अनेक गावांतही आहेत. त्या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय बाहेर गेले आणि सुमारे ७४,००० परतले नाहीत. लहानपणी आम्ही त्या पाटीला टेकून लपंडाव खेळताना राज्य घेत असू. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी गावातल्या वयस्कर मंडळींना मुद्दाम विचारून पाहिले, की हे गेलेले कोण? एकही नाव कोणाला सांगता आले नाही. "आपलीच असतील की," एवढेच उत्तर मिळाले.

आमच्या घराण्यातही लष्कर आहे. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, आजोबांचे धाकटे भाऊ शिपाई म्हणून निवृत्त झाले आणि माझा चुलतभाऊ, दादा, भरती होऊन आज सीमेवर आहे. दादाबरोबर पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर मीही धावलो आहे. बारावीनंतर भरतीला उभा राहिलो आणि काही सेकंदांनी मागे पडलो. म्हणून मी महाविद्यालयात आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा असे म्हणता येईल, की आम्ही तीन-चार पिढ्या पटावर होतो आणि पटाच्या कडेला खुर्ची घेऊन बसलेला मी पहिला. आणि बसल्यावर मी पहिले काम काय केले, तर एक माणूस उघड्यावर नेऊन उभा केला.

पुढच्या रविवारी मी सरांकडे दोन शंका घेऊन गेलो. पहिली नियमाविषयी होती. या खेळात तुकडीत चार सैनिक असोत की एक, तिचे फासे तेवढेच राहतात. एकटा माणूस चौघांइतका लढतो, हे मला साफ खोटे वाटले. सरांनी उत्तर म्हणून नाईक यशवंत घाडगे यांची हकीकत सांगितली. कोकणातल्या माणगावला त्यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले हे नाईक इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी आपल्या तुकडीचे नेतृत्व करीत होते. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्याबरोबरची सगळी माणसे ठार वा जखमी झाली. ते एकटे उरले. एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले, हातबॉम्बने तोफ बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि गोळ्या भरायला सवड नव्हती म्हणून बंदुकीच्या तडाख्याने उरलेल्या दोघांना लोळवले. शेवटी शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तेव्हा त्यांचे वय २२ लिहिलेले होते. म्हणजे माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठे.

तेव्हा नियम खोटा नाही. एकटा उरलेला माणूस कधीकधी चौघांइतका लढतो. पण मला वाटते, तो पुरता खराही नाही. घाडगे पुढे धावले ते त्यांनी ठरवले म्हणून. माझी सोंगटी पुढे गेली ती मी ढकलली म्हणून. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही चाली सारख्याच दिसतील. या दोहोंत जो फरक आहे तो पटावर कोठेच उमटत नाही, आणि माझ्या मते युद्धाच्या खेळाची खरी उणीव ती हीच.

दुसरी शंका अशी, की मग असले खेळ काढले कोणी आणि कशासाठी? सरांनी दोन नावे सांगितली. पहिले राईसविट्झ या प्रशियन लष्करी अधिकाऱ्याचे. १८२४ साली त्याने आपल्या वडिलांचा खेळ सुधारून सेनाधिकाऱ्यांपुढे मांडला. खरे नकाशे, धातूचे ठोकळे, फासे आणि निवाडा देणारा पंच असा तो सरंजाम होता. प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला. दुसरे नाव एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाचे. १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात त्यांनी खेळण्यातले शिपाई आणि लाकडी गोळ्या उडवणारी छोटी तोफ घेऊन घरच्या जमिनीवर लढाया खेळण्याचे नियम दिले. एकाच्या हाती खेळ म्हणजे युद्धाची तयारी, तर दुसऱ्याचे म्हणणे असे, की खेळून पाहा म्हणजे खरे युद्ध किती धांदलीचे आणि मूर्खपणाचे असते ते कळेल. वेल्स यांचे पुस्तक निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि आमच्या चावडीवरची ती पाटी कोरावयाची वेळ आली. खेळाने युद्ध टळत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे.

मग हे खेळ टाकून द्यावेत काय? माझा मित्र म्हणतो, "खेळ तो खेळ. बुद्धिबळात प्यादं मारताना कधी रडलास का?" नाही रडलो. पण बुद्धिबळाचे प्यादे कोणत्या गावचे हे कोणी विचारत नाही. या पटावर मात्र तारीख आहे, नदीचे नाव आहे, पलटणीचे नाव आहे. एवढे खरे सांगितल्यावर माणूस तेवढा प्लॅस्टिकचा ठेवावयाचा, हे पाहणाऱ्याच्या नजरेला एक सवय लावते. वरून पाहण्याची सवय.

ही सवय किती पसरली आहे ते मी २०२५ च्या मे महिन्यात पाहिले. भारत-पाकिस्तान यांच्यात चार दिवस संघर्ष चालला होता. आमच्या परीक्षेचे दिवस, पण वसतिगृहात पुस्तके मिटलेली आणि मोबाईल उघडे. वाहिन्यांवर नकाशे, नकाशांवर बाण. जो तो सेनापती. "इथून घुसायला पाहिजे होतं," "आता थांबायचंच नाही." बोलणारे सगळे माझे चांगले मित्र होते. मीही दोन वाक्ये बोललो असेन. त्याच रात्री घरी फोन केला तेव्हा आई म्हणाली, "तुझी काकी दोन दिवस जेवली न्हाई. फोन उशाला घिऊन बसलीया." दादाचा फोन लागत नव्हता. तो पाचव्या दिवशी लागला. वसतिगृहाचा नकाशा आणि काकीची उशी, युद्ध एकच होते. मी दोन्हीकडे होतो, आणि तरीही नकाशाकडे पाहताना मला उशी दिसली नव्हती.

आणि हा दोष परक्यांच्या खेळाचाच आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभूंनी देह ठेवला, ती खिंड पावन झाली, हे आपल्याकडे लहान मूलही सांगते. त्या खिंडीत बांदलांचे मावळे कापले गेले. त्यांतली पाच नावे सांगा म्हटले तर माझ्यासारखा इतिहासाचा विद्यार्थीही गप्प बसेल. तिथेही आपल्यापाशी एक नाव आणि एक आकडाच आहे.

म्हणून माझे मत असे. हे खेळ टाकू नयेत, उलट आपल्या महाविद्यालयात आणावेत. जिमखान्यात कॅरम आहे, बुद्धिबळ आहे, तसा हाही असावा. इतिहास विभागाने तर तो वर्गात वापरावा. परदेशी खेळ महाग असतो हे खरे, पण पुठ्ठ्यावर षटकोन आखून पानिपतचा किंवा घोडखिंडीचा पट आपण विद्यार्थी स्वतः तयार करू शकू. मात्र एक गोष्ट नियमात घालावी. डाव संपल्यावर प्रत्येक खेळाडूने आपली एक पडलेली सोंगटी उचलावी आणि तिच्या बाजूने डाव सांगावा. तिला काय दिसले, हुकूम कोणता आला, कोणता आलाच नाही.

आम्ही हे एकदा करून पाहिले आहे. खोलीतल्या मित्राला मी सरांकडे घेऊन गेलो आणि त्या डावात प्रत्येक तुकडीला आम्ही आपापल्या गावातल्या आळीचे नाव दिले. वरची आळी, कुंभारआळी, मळ्यातली वस्ती. मी तो डाव हरलो. मळ्यातली वस्ती म्हणजे आमचे घर. ती तुकडी मी झाडीतून बाहेर काढलीच नाही. मित्र हसला, सरही हसले, आणि ते योग्यच होते. सेनापतीने असे खेळून भागणार नाही, एवढे मलाही कळते. पण या महाविद्यालयातून शिकून बाहेर पडणारे आम्ही सगळे काही सेनापती होणार नाही. आम्ही मत देणारे, वर्तमानपत्र वाचणारे, चहाच्या टपरीवर 'आता होऊनच जाऊ दे' म्हणणारे नागरिक होणार. अशा माणसांना एक डाव हरण्याचा अनुभव असलेला बरा.

दिवाळीनंतर दादाचा फोन आला तेव्हा मी त्याला या खेळाचे सगळे वर्णन सांगितले. पट कसा, पत्ते कसे, फासे कसे. त्याने सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "त्यात रजा घावती का रं?"

मी त्या साठ पत्त्यांची मनातल्या मनात उजळणी केली. हल्ल्याचा पत्ता आहे, टेहळणीचा आहे, जखमी सैनिक पुन्हा उभा करणाराही आहे.

"न्हाई दादा," मी म्हटले, "रजेचा पत्ता न्हाई."

"मग कसला खेळ त्यो," दादा म्हणाला, आणि घरची चौकशी करू लागला.